चार अक्षरांचा जामीन

मोठ्या अभंगाचा हिशेब सोपा आहे. एका चौकात चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. शेवटचा चौक आला की त्याच्या पहिल्या चरणातल्या सहांपैकी चार अक्षरे बहुतेक वेळा कवीच्या नावासाठी राखलेली असतात. तु-का-म्ह-णे, चार. ना-मा-म्ह-णे, चार. चो-खा-म्ह-णे आणि से-ना-म्ह-णे, तीही चारच. उरलेल्या दोन अक्षरांत 'आता', 'ऐसे', 'देवा' असे काहीतरी बसते आणि अभंग शेवटच्या वळणाला लागतो.

हा हिशेब चोराच्याही सोयीचा आहे. 'तुका' काढून तिथे दुसरे दोन अक्षरी नाव बसवले तर छंद आड येत नाही. चाल बदलत नाही, टाळ चुकत नाही, मृदंगाचा ठेका हलत नाही. दोन अक्षरे पुसायची आणि दोन लिहायची, एवढेच काम. ज्याने तो अभंग आधी ऐकलेला नाही, त्याला काहीही खटकणार नाही.

सतराव्या शतकात, तुकारामांच्या हयातीतच, हा उद्योग झाला. ज्याच्यावर त्याचा ठपका आहे, त्याला मराठी परंपरा सालोमालो म्हणून ओळखते.

हे नाव कुणा शत्रूने पुढे रचलेल्या आख्यायिकेतून आलेले नाही. ते तुकारामांच्या गाथेतच आहे. सालोमालोवरच्या अभंगात तुकाराम तक्रार करतात की हे लोक स्वतःला हरीचे दास म्हणवतात, दुसऱ्याचे बोल आपले म्हणून सांगतात, संतांची वचने मोडतात आणि त्यांचे दागिने करून अंगावर घालतात. सोनाराच्या मुशीत घातलेला चोरीचा डाग ओळखू येत नाही, तशीच ही चोरी. वचन अख्खे उचलले असते तर निदान ते मूळ रूपात शिल्लक राहिले असते. इथे ते आधी मोडले जाते. लेखकाचे नुकसान तिथून सुरू होते.

ज्या शब्दांवर सालोमालोने हात टाकला, त्यांना मराठीत नाममुद्रा म्हणतात. संतकवितेत ही मुद्रा फार जुनी आहे आणि तिच्यात नुसत्या नावापेक्षा बरेच काही साठवलेले असते. पैठणच्या एकनाथांची मुद्रा 'एका जनार्दनी'. तिच्यातली सहा अक्षरे एकट्या एकनाथांची नाहीत. त्यांत त्यांचे गुरू जनार्दनस्वामी आहेत. म्हणजे श्रेय कुणाचे, हा खुलासा सहीतच झाला. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवतात. सोयराबाई चोख्याची महारी म्हणून सही करतात आणि आपली जात व आपला नवरा दोन्ही ओळीत आणून उभे करतात. कर्नाटकात बसवेश्वरांच्या वचनांना कूडलसंगमदेव या दैवताची मुद्रा आहे. उत्तरेत कबीर आपल्या नावाने बोलतात. गझलेत शेवटच्या शेरात तखल्लुस येतो. छापखाना नव्हता, मुखपृष्ठ नव्हते, प्रकाशक नव्हता. कविता एका तोंडातून दुसऱ्या कानात जात होती. तिथे कवीचे नाव बाहेर ठेवून भागणारे नव्हते, ते कवितेच्या पोटातच शिवावे लागे.

लोकांनाही त्याची कदर होती. जनाबाईंच्या नावाने एक अभंग आहे, त्यात कुणाचे बोल कुणी लिहून घेतले याची यादीच दिली आहे. ज्ञानदेवांचे बोल चिदानंदबाबांनी टिपले, चोखामेळ्याचे अनंतभट्टांनी, असे एकेक नाव येत जाते. शेवटी जनीचा लेखक कोण, तर खुद्द पांडुरंग. भक्तीचा भाग बाजूला ठेवला तरी ही यादी बोलकी आहे. कोण बोलले आणि कोणी लिहिले ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोघांचीही नावे राहिली पाहिजेत, ही जाणीव तीत स्पष्ट दिसते. चोखामेळ्याचे शब्द कागदावर उतरवणारा दुसरा कुणी होता, पण त्या लिहिणाऱ्याने ते आपल्या नावावर केले नाहीत.

शाहिरांनीही ही रीत उचलली. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाच्या नावाने ओळखला जातो, सिंहगडाचा तुळशीदासाच्या. पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजी शिलारखाने लावण्या रचत आणि बाळा कारंजकर त्या गात; त्यांच्या मुद्रेत दोघेही आले, होनाजी बाळा. ऐकणाऱ्याला पुष्कळदा तो एकच माणूस वाटतो. प्रत्यक्षात रचणारा गवळी होता आणि गाणारा शिंपी. दोघांनी मिळून एक सही केली आणि ती दोनशे वर्षे टिकली.

तुकारामांकडे परत यायचे तर एक अडचण आधी सोडवावी लागते. आपल्या शब्दांवर मालकी सांगण्याचा हट्ट त्यांनी कधीच धरला नाही. उलट, बोलणारा मी नव्हे, माझ्या तोंडून देव बोलतो, असे ते वारंवार सांगतात. एका प्रसिद्ध अभंगात ते स्वतःला हमाल म्हणतात. माल धन्याचा, भांडार त्याचे. आपण नुसते ओझे वाहणारे. आणखी एका अभंगात त्यांची नम्रता याच्याही पुढे जाते. आपले बोलणे म्हणजे संतांचे उष्टे, एवढेच ते म्हणतात.

मग अशा माणसाला चोरीचे दुःख का व्हावे? मालच आपला नाही, तर चोरीला काय गेले?

उत्तर त्यांच्याच शब्दांत सापडते. जे तुकाराम स्वतःच्या वाणीला संतांचे उष्टे म्हणतात, तेच चोरट्या कवींना उष्ट्या पत्रावळी गोळा करणारे म्हणतात, आणि अशांना ते नरकाची वाट दाखवतात. 'उष्टे' ही एकच कल्पना दोन्हीकडे आली आहे. ज्याने मराठी पंगत पाहिली आहे, त्याला त्यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. गुरूच्या ताटातले उष्टे मागून घेतले जाते. ते कुणाचे ताट, हे घेणाऱ्याला ठाऊक असते आणि ते सांगण्यातच त्याला धन्यता वाटते. पंगत उठल्यावर पत्रावळी बाहेर टाकल्या जातात. त्या ढिगातून जो उचलतो, तो कुणाच्या पानातले उचलतो हे सांगत नाही. सांगायचे नसते म्हणून तर तो पंगत उठण्याची वाट पाहतो. तुकारामांनी आत्मचरित्रपर अभंगात आपण संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली असे नोंदवले आहे. नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्वाचे काम सोपवले, हेही ते उघड सांगतात. त्यांचे ऋण मोठे होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

ऋणाचा हिशेब या घराला परका नव्हता. देहूच्या या कुटुंबात महाजनकी होती, व्यापार होता, सावकारीही होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घर खचले आणि तुकारामांची पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यानंतरची एक हकीकत अठराव्या शतकातले चरित्रकार महिपती सांगतात. घरातले कर्जरोखे पुढे आले, तेव्हा तुकारामांनी धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याचे रोखे इंद्रायणीत बुडवले. लोकांकडून येणे असलेला पैसा, कायदेशीर, वडिलोपार्जित, आपल्या हाताने पाण्यात सोडला. त्याबद्दल पुढे कधी हळहळ नाही.

त्याच इंद्रायणीत काही वर्षांनी दुसरे कागद बुडाले. शूद्राने वेदांचा अर्थ सांगणारी कविता करावी, याला वाघोलीच्या रामेश्वरभटांनी हरकत घेतली आणि तुकारामांना आपल्या अभंगांच्या वह्या पाण्यात सोडाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. या वेळी मात्र ते नदीकाठी अन्नपाण्यावाचून बसून राहिले. तेरा दिवसांचा उल्लेख त्यांच्याच अभंगात आहे. वह्या पाण्यावर आल्या, ही श्रद्धेची गोष्ट. ते तेरा दिवस मात्र एका लेखकाचे आहेत.

एकाच नदीत दोनदा कागद बुडाले. रोखे गेले तेव्हा माणूस हलका झाला आणि वह्या गेल्या तेव्हा तो जगायला तयार नव्हता. लेखक कशाला आपले समजतो, याचे इतके उघड उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल. पैशाचे येणे त्यांना सोडता आले. जगून मिळवलेला शब्द सोडता आला नाही, कारण तो येणे नव्हताच. तो त्यांनी दिलेला शब्द होता.

म्हणून 'तुका म्हणे' ही चार अक्षरे मालकाची पाटी ठरत नाहीत. सावकारी भाषेत बोलायचे तर ती जामिनाची सही आहे. या ओळीत जे सांगितले आहे ते खरे आहे, त्यासाठी मी उपाशी राहिलो आहे, लोकांची बोलणी खाल्ली आहेत, आणि वेळ आली तर जबाब द्यायला मी हजर आहे, असा तिचा अर्थ. रामेश्वरभटांचा रोख याच सहीवर होता. वेदान्त मराठीत सांगणारे आधीही होऊन गेले होते. तो कुणब्याच्या तोंडून येतो, याला आक्षेप होता. म्हणजे त्या नावाने शिक्षा भोगली. सालोमालोने नेमके तेच नाव खोडले. शिक्षेचा भाग तुकारामांकडे राहिला आणि टाळ्यांचा भाग त्याच्याकडे गेला.

या चोरीने आणखी काय गेले असते, हे एका बाईच्या चरित्रावरून कळते. संत बहिणाबाई देवगावच्या, ब्राह्मण घरातल्या, १६२८ च्या सुमारास जन्मलेल्या. नवऱ्याबरोबर फिरत फिरत त्या कोल्हापूरला आल्या. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांची पदे त्यांच्या कानांवर पडली आणि त्यांना ध्यास लागला. ज्यांना डोळ्यांनी पाहिले नाही, त्या तुकोबांना त्यांनी मनाने गुरू केले. तुकोबांनी स्वप्नात येऊन आपल्यावर कृपा केली, असे त्या आपल्या आत्मनिवेदनात लिहितात. शूद्राला गुरू मानते म्हणून नवऱ्याने मारहाण केली. पुढे ते कुटुंब देहूला आले आणि बहिणाबाईंनी तुकोबांना प्रत्यक्ष पाहिले.

कोल्हापूर ते देहू हा रस्ता त्यांना कुणी दाखवला? कीर्तनात शेवटी येणाऱ्या त्या चार अक्षरांनीच. जयरामस्वामींनी ती पदे जशीच्या तशी, मुद्रेसह म्हटली, म्हणून ऐकणारीला कळले की हे बोल तुकोबांचे आहेत. त्या दिवशी कीर्तनाला उभा राहिलेला माणूस सालोमालोच्या वळणाचा असता, तर शब्द तेच राहिले असते, त्यांचा परिणामही कदाचित तोच झाला असता. बहिणाबाई मात्र दुसऱ्याच कुणाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या असत्या. एका शिष्येला गुरू मिळाला नसता आणि देहूच्या त्या माणसाला, आपले बोल घाटाखाली आणि घाटावर कुठवर पोहोचले आहेत, याचा पत्ता लागला नसता. नाव पुसले की लेखकाचा ऐकणारा हरवतो. तो हरवला हे लेखकाला कळतही नाही.

ही चोरी सतराव्या शतकात जन्मली असे नाही. पहिल्या शतकात रोममध्ये मार्शल नावाच्या कवीच्या कविता फिडेंटिनस नावाचा एक जण आपल्या म्हणून वाचून दाखवत असे. मार्शलने एका कवितेत आपल्या कवितांना दास्यातून मुक्त केलेल्या माणसांची उपमा दिली आणि त्यांना पळवून नेणाऱ्याला लॅटिनमधला 'प्लेजिअरियस' हा शब्द वापरला. तो शब्द मुळात माणसे पळवणाऱ्यासाठी होता. इंग्रजीत वाङ्मयचौर्यासाठी रूढ झालेला शब्द तिथूनच निघाला. मार्शलच्या मनात घरफोडी आली नाही, अपहरण आले. सामान गेल्याचे दुःख एक आणि पोटचे माणूस दुसऱ्याच्या घरी दुसऱ्याच्या नावाने वाढताना पाहण्याचे दुःख दुसरे.

आपल्याकडे या विषयाची सर्वांत बारकाईची चिकित्सा राजशेखराने केली. नवव्या-दहाव्या शतकाच्या संधीवर हा कवी कनौजच्या दरबारात होता, पण आपल्या पणजोबांचा, अकालजलदांचा, उल्लेख तो महाराष्ट्राचा चूडामणी असा करतो. त्याच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात हरणावर, म्हणजे दुसऱ्याच्या काव्यातून उचलण्यावर, अध्यायच्या अध्याय आहेत. शब्द उचलणे वेगळे, अर्थ उचलणे वेगळे, नुसती सावली घेणे वेगळे, अशी तो वर्गवारी करतो. पूर्ण साव असा कवी कुणी नाही आणि वाणीही कुणी नाही, हे तो स्पष्ट सांगतो. तरी त्याच ग्रंथात एक गंभीर इशारा नोंदलेला आहे: बाकीच्या चोऱ्या काळ गेला की विरून जातात, वाणीची चोरी मात्र मुलानातवंडांपर्यंत पुसली जात नाही.

त्याच ठिकाणी राजशेखर आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत देतो. ती स्वतः जाणकार होती. कवी कोणकोणती कारणे पुढे करून दुसऱ्याचे उचलतात, याची तिने केलेली यादी हजार वर्षांनंतरही वाचणाऱ्याला थांबवते. तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. त्याचे बोल गुळवेलीसारखे कडू, माझे द्राक्षासारखे. त्याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे. हे जाणणारे आता कुणी उरले नाही. याचा कर्ता परदेशी राहिला.

अवंतिसुंदरीने ही कारणे हरणाला पुरेशी मानलेली दिसतात. पण यादी उलट बाजूने वाचली, ज्याचे उचलले त्याच्या बाजूने, की ती बळीचे वर्णन होते. कुणाचे चोरले जाते? ज्याला नाव नाही, पाठीशी कुणी नाही, ज्याची भाषा दरबारी नाही, जो मेला आहे किंवा दूर आहे. देहूचा तुकाराम या यादीत कितीतरी ठिकाणी बसतो. शूद्र, दिवाळे निघालेला वाणी, देशी बोलीत बोलणारा. त्याच्या शब्दांना हात लावणाऱ्याला कसलेही भय नव्हते. तक्रार करायची तर कुणाकडे? पाटलाकडे? वाघोलीला? तुकारामांच्या हाताशी एकच न्यायासन होते, ते म्हणजे अभंग. त्यांनी तिथेच फिर्याद नोंदवली आणि आरोपीचे नाव त्यात घातले.

वाणीत भेसळ करणाऱ्यांचा बंदोबस्त त्यांच्याआधी एकनाथांनी वेगळ्या मार्गाने केला होता. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकला होत गेल्या आणि पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ते स्वतः सिद्धहस्त ओवीकार होते. जिथे ओळ अडली तिथे आपली ओवी घालणे हा त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. त्यांनी ते केले नाही आणि पुढच्यांना बजावून ठेवले की या पाठात जो आपली ओवी मिसळील, तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. दुसऱ्याच्या ग्रंथात आपले काहीही न सोडता तो ग्रंथ परत करणे, हे मराठीतले संपादनाचे पहिले मोठे काम ठरले.

एकनाथांना ज्याची भीती होती, ते तुकारामांच्या बाबतीत पुढे घडलेच. सालोमालोने नाव काढले होते. पुढच्या पिढ्यांनी नाव चिकटवायला सुरुवात केली. तुकोबांच्या नावाला वजन आल्यावर, आपला अभंग लोकांनी ऐकावा असे वाटणाऱ्याला सोपा मार्ग सापडला. शेवटी 'तुका म्हणे' घातले की काम झाले. छंद तेव्हाही आड आला नाही.

नामदेवांच्या बाबतीत हे आधीच होऊन गेले होते. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या कवीची रचना नामदेवांच्या रचनेत इतकी मिसळली की दोघांना वेगळे करताना अभ्यासकांची दमछाक झाली. तुकोबांच्या गाथेचे आकडेही बोलके आहेत. चाकणचे संताजी तेली जगनाडे हे तुकोबांचे टाळकरी आणि लेखक. त्यांच्या घराण्यातल्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९ च्या सुमारास जो गाथा छापला, त्यात सुमारे तेराशे अभंग आहेत. त्याआधी, मुंबई सरकारच्या मदतीने विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून जी आवृत्ती केली, ती इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत काढली. तीत अभंग साडेचार हजारांहून अधिक. तुकाराम तात्या या दुसऱ्या संपादकाच्या १८८९ च्या आवृत्तीत ही संख्या आठ हजारांच्या वर गेली. बहुतेक अभंगांच्या अखेरीस सही एकच, तुका म्हणे.

यात लबाडी किती आणि भक्ती किती, हे वेगळे काढता येणार नाही. कुणी आपले नाव नम्रतेने लपवले असेल, कुणी आपला माल खपवला असेल. मूळ लेखकाच्या वाट्याला दोन्हींतून एकच गोष्ट येते. जे तो बोलला नाही, त्याचाही जबाब त्याच्या नावावर चढतो. पुढे कुणीतरी त्यातली एखादी सामान्य ओळ काढून तुकारामांचे मोजमाप करतो, एखादी कडवट ओळ काढून त्यांची जातीविषयीची भूमिका ठरवतो. जामिनाची सही खोटी केली की कर्ज खऱ्या माणसाच्या डोक्यावर बसते.

छापखाना आल्यावर मुद्रेची गरज हळूहळू संपली. कवीचे नाव ओळीच्या पोटातून निघून शीर्षकाखाली, मग मुखपृष्ठावर गेले. कृष्णाजी केशव दामले यांनी केशवसुत हे नाव घेतले, पण ते कवितेत गुंफले नाही, वर लिहिले. बाहेर लिहिलेले नाव सुबक दिसते आणि कात्रीलाही सोपे जाते. म्हणून कायदा लागला. भारतात लेखाधिकाराचा पहिला कायदा १८४७ चा, कंपनी सरकारच्या काळातला. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्यातले ५७ वे कलम लेखकाला एक वेगळाच हक्क देते. लेखाधिकार पैसे घेऊन विकला, तरीही 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा आणि आपल्या लेखनाची मोडतोड करून अब्रूला धक्का लावणाऱ्याला हरकत घेण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. मालाचा हक्क एकीकडे, सहीचा दुसरीकडे. रोखे नदीत सोडणाऱ्या आणि वह्यांसाठी उपाशी बसणाऱ्या माणसाला ही फोड समजावून सांगावी लागली नसती.

सहीची ताकद रामेश्वरभटांनाही उमगली असावी. परंपरेनुसार पुढे तेच तुकोबांचे भक्त झाले. तुकोबांची जी आरती आजही घरोघरी, दिंडीदिंडीत म्हटली जाते, ती त्यांचीच आणि तिच्या शेवटी त्यांची नाममुद्रा आहे. ज्यांनी वह्या बुडवायला लावल्या, त्यांचे नाव त्याच माणसाच्या पायांवर डोके ठेवताना रोज उच्चारले जाते. सालोमालोच्या नावाचे मात्र उलटे झाले. त्याची म्हणून एक ओळही कुणाच्या तोंडी नाही. त्याचे नाव उरले ते तुकारामांच्या तक्रारीत, जसे फिडेंटिनसचे मार्शलच्या कवितेत.

पुढे सिनेमाने त्याला चेहरा दिला. प्रभात कंपनीचा दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तिथे सत्तावन्न आठवडे चालला. व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचे कौतुक झाले. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, गौरी त्यांची पत्नी जिजाई झाल्या आणि सालोमालोच्या भूमिकेत भागवत होते. सुरुवातीलाच तुकोबांची रचना सालोमालो देवळात स्वतःची म्हणून मिरवतो. थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाला, ज्याने गाथा कधी उघडलीही नव्हती त्यालाही, चोरी म्हणजे काय हे पहिल्या काही मिनिटांत कळते.

याच चित्रपटात तुकोबांच्या अस्सल अभंगांबरोबर एक नवे गाणे आहे, 'आधी बीज एकले'. केशवराव भोळ्यांचे संगीत आणि शब्द शांताराम आठवले यांचे. ते पडद्यावर तुकोबांच्या तोंडी आहे आणि त्याचे वळण, त्यातला एका बीजापासून पसरणाऱ्या सृष्टीचा विचार इतका तुकोबांच्या जवळचा आहे की पुष्कळांनी ते तुकारामांचेच मानले. आठवल्यांनी काही चोरले नव्हते आणि त्यांचेही कुणी चोरले नाही. गीतकार म्हणून त्यांची नोंद आहे. त्यांनी त्या गाण्यात 'तुका म्हणे' घातले नाही. तुकोबांच्या नावावर आपली ओळ चढवायची नाही, एवढी काळजी त्या शब्दांतच दिसते.

तरीही आकाशवाणीवर, सकाळच्या भक्तिगीतांत, एखाद्या देवळाच्या कर्ण्यावर ते लागले की ऐकणारा म्हणतो, काय अभंग आहे तुकोबांचा. कुणी चिकित्सक निघाला तर तो गाथा काढतो, अनुक्रमणिकेत 'आ' पाहतो, मग पाने चाळू लागतो. साडेचार हजार अभंगांत ते सापडत नाही. तेव्हा कुणीतरी त्याला आठवल्यांचे नाव सांगावे लागते.